विश्लेषण : लंडनच्या एका घरात पंडिता रमाबाईंना असे काय दिसले?

संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ही बातमी आल्यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. मिशनऱ्यांनी एकट्या विधवेला भुलवले, असे अनेकांना वाटले. रमाबाईंनी स्वतः पुढे जी हकीकत लिहून ठेवली, ती वेगळी आहे. तिच्यात धर्मग्रंथांइतकेच महत्त्व लंडनमधल्या एका आश्रयगृहाला आहे.

रमाबाई इंग्लंडला का गेल्या?

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे आईने रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, शेकडो कोस पायी चालत, कधी रानातला पाला-फळे खाऊन, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथे मान मिळाला; पण दोन वर्षांत भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जात ओलांडून लग्न केले. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचेही निधन झाले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर मनोरमा होती.

त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीच्या पैशांतून त्यांनी इंग्लंडचा प्रवास केला. हेतू डॉक्टर होण्याचा होता. कानाला कमी ऐकू येत असल्याने तो तडीस गेला नाही.

फुलहॅममध्ये काय घडले?

वाँटेज या गावी त्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत होत्या. तिथल्या भगिनींनी त्यांना हवापालटासाठी लंडनच्या फुलहॅम भागातल्या आपल्या शाखेत पाठवले. तिथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवले जात होते. अशा बायकांना कोणी प्रेमाने जवळ घेते, हेच रमाबाईंना नवीन होते. त्याहून अधिक परिणाम दुसऱ्या एका गोष्टीने केला. एकेकाळी त्या घरात आसऱ्याला आलेल्या काही स्त्रिया आता स्वतः आजारी आणि पंगू माणसांची शुश्रूषा करत होत्या.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न त्यांनी एका भगिनीला केला. तिने योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, असे शास्त्रांत वाचत आलेल्या विदुषीला ही गोष्ट लागली. नेहेम्या नीळकंठ गोरेशास्त्री या ख्रिस्ती झालेल्या पंडितांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका बऱ्याच दूर केल्या, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पण युक्तिवादाच्या आधी फुलहॅम आहे.

मग श्रद्धा पक्की झाली का?

नाही, आणि इथेच रमाबाई रंजक होतात. बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि चर्चच्या अधिकारावर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रांतून भांडत राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. या हट्टी शिष्येपुढे जोगिणी हतबल झाल्या.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना, त्यांच्या लक्षात आले की आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला, ख्रिस्त मात्र आपल्याला भेटलेलाच नाही. विश्वासाची खात्री म्हणतात ती त्यांना त्यानंतर लाभली. एव्हाना त्या शारदा सदन चालवत होत्या.

शारदा सदनचा वाद काय होता?

अमेरिकेत पैसा उभा करून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ही शाळा सुरू केली. पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन दिलेले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने हल्ला चढवला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. वचन अक्षराने मोडले नव्हते. पण ज्यांनी लेकी विश्वासाने सोपवल्या त्यांची तक्रार पोकळ होती असेही म्हणता येत नाही. आई म्हणावे इतकी माया करणाऱ्या बाईच्या उघड्या दाराची ओढ बारा-चौदा वर्षांच्या मुलीला लागणारच.

दुष्काळाने काय बदलले?

दुष्काळ म्हणजे काय, हे बीडच्या वाचकाला सांगावे लागत नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः तिथे गेल्या. मदत छावण्यांभोवती अनाथ मुलींना फूस लावून नेणारे दलाल फिरत होते. रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकले. मुक्ती सदनाची ही सुरुवात. प्लेगच्या दवाखान्यांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी सरकारलाही छापील खडे बोल सुनावले.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतल्या स्त्रिया-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना पोसायचे तर काम हवे. विहिरी खोदल्या, शेती, गाईगुरे, तेलघाणा, विणकाम, छापखाना, सगळे बायका चालवू लागल्या. आंधळ्यांसाठी वेगळे सदन झाले. त्यांना मनोरमेने ब्रेल शिकवले. आणि एक घर होते कृपा सदन. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीचे हे घर म्हणजे केडगावच्या मातीत उभे राहिलेले फुलहॅमच. पुढे गुलबर्ग्यालाही त्यांनी शाळा काढली. बीडप्रमाणे तेही तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

शेवटची वर्षे कशी गेली?

प्रचलित मराठी बायबल नुकत्या साक्षर झालेल्या बाईला जड जाते, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथाचा सोप्या मराठीत अनुवाद हाती घेतला. टंक जुळवणाऱ्या मुक्तीच्याच मुली. संस्कृतच्या पंडितेने आयुष्याच्या अखेरीस संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत, हे थोडे विलक्षणच.

संस्था जिच्या हाती सोपवायची होती ती मनोरमा १९२१ च्या जुलैत मिरजेला वारली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. अनुवादाची अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. मुक्ती मिशन आजही तिथे आहे.