नामदार गोखले : वर्गातून विधिमंडळात

शिक्षकांनी संघटना का कराव्यात आणि राजकारणात का पडावे, असा प्रश्न आपल्या घरांतून पुष्कळदा निघतो. शिक्षकांचा संघ वेतनासाठी मोर्चा काढतो, त्या दिवशी मुले आनंदतात आणि पालक मात्र कुरकुरतात. शेजारच्या महाराष्ट्रात तर विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षकांनीच निवडून द्यावयाच्या असतात. आपल्या मध्य प्रदेशात विधान परिषद नसल्यामुळे तुकोगंजातील शिक्षकांस तसे मत देता येत नाही. तथापि प्रश्न येथेही तोच आहे. शिक्षकाने राजकारणात पाऊल टाकले, तर त्याची शाळा उणावते की तिला बळ मिळते? ह्याचा विचार करताना आम्हांस एका शिक्षकाचे चरित्र आठवते. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक ह्या खेड्यात झाला. वडील कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. त्या आठ रुपयांमागे घरच्यांनी केवढी ओढाताण सोसली आहे, ह्याची जाणीव गोपाळास होती. तो हाताने स्वयंपाक करी आणि दिव्याचे तेल वाचावे म्हणून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास करी, असे सांगतात. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून तो बी. ए. झाला. तेव्हाच्या पदवीधरास चांगल्या पगाराची सरकारी नोकरी दुर्लभ नव्हती. घरची गरज तर मोठी होती. तरीही पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर गोपाळराव शिक्षक झाले.

ही शाळा १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक ह्यांनी काढली होती. गोपाळ गणेश आगरकर तिला लवकरच येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढील वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. संस्थेचा कारभार कोणा धनिकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या हाती नव्हता. शिकविणारे शिक्षकच तो चालवीत. आजीव सदस्य होणाऱ्याने सुमारे ७५ रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यावयाचे असे. शिक्षकांनी स्वतःच्या बळावर उभारलेली अशी संस्था त्या काळी नवलाचीच होती. १८८६ मध्ये गोखले तिचे आजीव सदस्य झाले. त्यांनी इंग्रजी व गणित शिकविले, पुढे इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालू लागले.

परंतु जेथे शिक्षक एकत्र येतात, तेथे वेतनाचा आणि बाहेरच्या कामाचा प्रश्न निघतोच. तो येथेही निघाला. टिळकांचे म्हणणे असे की, ज्याने आजन्म व्रत घेतले त्याने सर्व शक्ती संस्थेसच द्यावी; बाहेर उद्योग करू नये आणि अधिक प्राप्तीची इच्छा धरू नये. आगरकर व गोखले ह्यांना वाटे की, संस्थेचे काम चोख बजावल्यावर उरलेला वेळ सदस्याचा स्वतःचा आहे. ह्या वादात आपल्या इंदूरचेही नाव येते; होळकर सरकारांनी दिलेल्या एका देणगीवरूनही सदस्यांत मतभेद झाले होते. १८९० साली गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि वाद विकोपास गेला. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. आम्हांस ह्यात कोणा एकास दोषी धरवत नाही. दोघांचाही हेतू निर्मळ होता आणि दोघांनीही पुढे देशकार्यासच वाहून घेतले.

टिळकांचा आक्षेप खोटा ठरविण्याचे ओझे मात्र गोखल्यांवर आले आणि त्यांनी ते उचलले. त्यांनी वर्ग सोडला नाही. कॉलेजच्या इमारतीसाठी ते सुट्टीत गावोगाव वर्गणी मागत हिंडले. १८९७ साली ते इंग्लंडला गेले असता, प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या जुलमाविषयी त्यांनी तेथे आरोप केले. पुढे त्यांचा पुरावा देता येईना, तेव्हा परत येताच त्यांनी उघडपणे क्षमा मागितली. लोकांनी त्यांची हेटाळणी केली. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते परत घ्यावे, हा धडा वर्गात देणाऱ्याने तो स्वतः गिरविला. १९०२ मध्ये दरमहा ३० रुपयांच्या निवृत्तिवेतनावर त्यांनी कॉलेजचा निरोप घेतला.

तोपर्यंत ते मुंबईच्या आणि त्यानंतर व्हाइसरॉयच्या विधिमंडळाचे सदस्य झाले होते. 'नामदार' हे उपपद त्यामुळेच त्यांच्या नावास जडले. तेथे अंदाजपत्रकावर बोलताना हा गणिताचा शिक्षक सरकारला आकडे मांडून दाखवी. तिजोरीत शिल्लक उरते आणि मुलांना शाळा मिळत नाही, हे त्यांना खुपत असे. पाचांपैकी चार खेड्यांत शाळा नाही आणि आठांपैकी सात मुले अक्षरशत्रू राहतात, हे त्यांनी १९१० साली सभागृहापुढे मांडले. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांना व जिल्हा मंडळांना मिळावा, गरिबांस फी नसावी आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने उचलावा, अशी त्यांची मागणी होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच सक्तीचे शिक्षण लागू केले होते, हे उदाहरण त्यांच्यापुढे होते.

विरोध सर्व बाजूंनी झाला. सरकारला खर्च नको होता, जमीनदारांना मजुरांची पोरे शाळेत गेलेली नको होती. शिकलेले शिक्षक कोठून आणणार, असेही विचारण्यात आले. आधी निरक्षरता जावी, शिक्षणाचा दर्जा मागाहून वाढविता येईल, असे गोखल्यांचे उत्तर होते. मार्च १९१२ मध्ये मते मोजली गेली : बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक पडले. मधुमेहाने पोखरलेले गोपाळराव १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस होते.

पडलेले विधेयक मात्र मेले नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता तसा कायदा झाला. २००२ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळाला. तेरा मतांपासून तेथवर पोहोचण्यास ९८ वर्षे लागली.

विद्यार्थी मित्रहो, आरंभीच्या प्रश्नाकडे आता पुन्हा वळू. शिक्षकाचे राजकारण योग्य की अयोग्य, हे राजकारण ह्या शब्दावरून ठरत नाही. तो सभागृहात किंवा रस्त्यावर काय मागतो आणि परत येऊन वर्गात कसा शिकवितो, ह्यावरून ते ठरते. गोखल्यांनी सभागृहात शाळा मागितली, आणि कॉलेजात होते तोवर वर्ग चुकविला नाही. शिक्षकांच्या मागण्यांविषयी घरात पुन्हा बोलणे निघेल, तेव्हा ही दोन मापे हाती घेऊन पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.