रात्रीच्या दोन घटका

भांडी आवरली, विरजण लावलं की आपला दिवस संपतो. त्यानंतर फक्त स्वतःसाठी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं काढा, असं कुणी म्हटलं तर? मैत्रिणींनो, अशी दोन घटका मौज सांगणारं पुस्तक मराठीत १८९०च्या दशकातच निघालं. नाव ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. ग्रह-तारे सर्वांना समजावेत म्हणून लिहिलेलं. लेखक शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. मॅट्रिक झाले, पुढे कॉलेज नाही. पोटासाठी मास्तरकी. ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशी नोकरीची गावं बदलत गेली, पण पंचांगाचं गणित काही सुटलं नाही. जुन्या शिलालेखांवरच्या तिथी-वारांवरून ते साल शोधून काढत. फ्लीट या इंग्रज संशोधकाच्या गुप्तकालीन लेखांवरच्या १८८८च्या ग्रंथाला त्यांच्या या गणिताचा आधार होता. १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मोठा ग्रंथ आला, तोही मराठीत. पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरं झाली.

मी कला शाखेची. आकडे दिसले की पान उलटणारी. पण त्यांच्या एका शोधाने मला थांबवलं. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, असा उल्लेख आहे. आज मात्र त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्या एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात, म्हणून ताऱ्यांच्या उगवायच्या जागा सरकतात. दीक्षितांनी हे सरकणं उलट मोजलं आणि तो उल्लेख साधारण ५,००० वर्षांपूर्वीचा ठरवला. विद्वानांनी त्यावर पुढे खूप वाद घातले. पण एका ओळीतून केवढा काळ उलगडला!

दिवाळीच्या आधीच्या एका अंधाऱ्या रात्री आमच्या किन्हीराजात बचत गटाची बैठक संपल्यावर मी बायांना गच्चीवर नेलं. ‘रात्री बायकांचं वर काय काम?’ असं खालून कुणीतरी विचारलंच. २३ सप्टेंबरला सूर्य नेमका पूर्वेला उगवतो; त्या सकाळी तो ज्या निंबामागून वर आला, तो निंब मी हेरून ठेवला होता. आठ वाजून गेले आणि कृत्तिकांचा पुंजका वर आला, पण निंबाच्या बराच डावीकडे. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. दहावीनंतर शाळा सुटलेल्या एका सुनेने मुठी मोजल्या. दोन भरल्या, वर थोडं उरलं. ती हळूच म्हणाली, ‘ताई, एवढं सरकायला पाच हजार वर्षं लागली?’ खाली जायला कुणी तयारच होईना.

१८९८ साली दीक्षित गेले तेव्हा त्यांची पंचेचाळिशीही पूर्ण झाली नव्हती. आज माझं वय साधारण तेवढंच. त्यांना ना मोठी पदवी होती, ना मोकळा वेळ. आपल्याकडेही नाही. तरी आज विरजण लावून झालं की गच्चीवर जा. आणि हो, सुनेला सोबत न्या.