हवानातील नाताळ : डीट्रिख बोनहोफर

नाताळाची सुटी लागली म्हणजे जो तो आपल्या गावची वाट धरतो. परंतु आमच्या कित्येक उपदेशक बंधूंस नेमून दिलेले ठाणे सोडता येत नाही, आणि हा सण त्यांस परक्यांतच करावा लागतो. अशा बंधूंची आठवण होऊन आम्ही आज एका जर्मन पाळकाच्या चरित्रातील एका नाताळाची हकीगत विशेषेकरून सांगणार आहो.

डीट्रिख बोनहोफर यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाउ शहरी झाला. ते शहर तेव्हा जर्मनीत होते, आता पोलंड देशात आहे. वडील मनोविकारांचे नामांकित वैद्य होते. आठ भावंडांत डीट्रिख सहावे, आणि त्यांच्याबरोबरच जुळी बहीण साबिने जन्मली. घरी देवळात जाण्याचा परिपाठ फारसा नव्हता. पण मुलांना सांभाळावयास व शिकवावयास हॉर्न नावाच्या दोघी बहिणी होत्या, त्या मोरेव्हियन मंडळीच्या भक्तिमान स्त्रिया. त्यांतील केटे यांच्या हाताखाली डीट्रिख यांचे पहिले धडे झाले. पुढे मोठ्या विद्यापीठांतील पंडित त्यांस गुरू लाभले; तरी आम्हांस वाटते की या बाईंची गणनाही त्यांतच केली पाहिजे.

१९३० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बोनहोफर एक वर्षाच्या अभ्यासाकरिता अमेरिकेत न्यूयॉर्क येथील युनियन सेमिनरीत गेले. तेथे एर्विन झुट्स हा स्विस विद्यार्थी त्यांचा मित्र झाला. दोघांची बोली जर्मन, दोघांनाही पियानोचा नाद, आणि दोघेही घरापासून समुद्रापार. डिसेंबर आला तेव्हा दोघांनी मिळून क्यूबा बेटाकडे प्रयाण केले. त्या बेटाची राजधानी हवाना येथील जर्मन शाळेत केटे हॉर्न त्या वेळी शिक्षिका होत्या. ज्या मुलास त्यांनी अक्षरे गिरवावयास शिकविले, तो आता धर्मशास्त्राचा पंडित होऊन मित्रासह त्यांच्या भेटीस आला.

क्यूबा हा उसाचा व तंबाखूचा मुलूख. तेथे डिसेंबरात बर्फ पडत नाही, ऊन असते. जर्मन मनुष्यास बर्फावाचून नाताळ म्हणजे आमच्याकडे पावसावाचून श्रावण! पण त्या वर्षी ऋतूपेक्षाही वेगळे असे काही त्यांच्या मनाला टोचत होते. १९२९ साली अमेरिकेत व्यापार बुडाला होता, लाखो लोक बेकार झाले होते, आणि साखरेचा भाव कोसळल्याने क्यूबातही हलाखी होती.

२१ डिसेंबर रोजी, आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, हवानातील जर्मन मंडळीत बोनहोफर यांनी उपदेश केला. आम्हांस त्या दिवशी उभे राहावे लागते, तर मेंढपाळ व देवदूत यांच्याविषयी बोललो असतो. सणाच्या दिवशी लोकांची तीच अपेक्षा असते. बोनहोफर यांनी मात्र अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायाचा शेवट घेतला. मोशे नबो पर्वतावर चढतो, यार्देनेपलीकडील कनान देश डोळे भरून पाहतो, आणि त्यात पाऊल न घालता तेथेच मरतो. ते म्हणाले की बेकारांचे थवे, जगभर हाल सोसणारी लेकरे, चीनमधील उपाशी माणसे व हिंदुस्थानातील पिडलेले लोक डोळ्यांपुढे असता नाताळ करणे ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. इतक्या दूरच्या बेटावर, सणाच्या तोंडावर, त्या तरुणास आपल्या देशाची आठवण व्हावी, हे वाचून आम्ही क्षणभर थांबलो.

त्यांचे मन हिंदुस्थानाकडे पुढेही ओढ घेत राहिले. १९३४ साली ते लंडनमध्ये जर्मन मंडळ्यांचे पाळक असता त्यांनी गांधीजींस पत्र लिहिले, आणि गांधीजींनी येण्यास संमती दिली. खर्चास दरमहा सुमारे शंभर रुपये लागतील, हेही कळविले. तथापि जर्मनीतील मंडळीने तरुण पाळकांची शाळा चालविण्यास त्यांस बोलाविले, आणि हिंदुस्थानचा प्रवास राहिला तो राहिलाच.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला होता. पुढच्या वर्षी बोनहोफर यांनी स्वित्झर्लंडात असलेल्या झुट्स यांस लिहिले की मंडळीचा हा झगडा केवळ आरंभ आहे. यापुढचा झगडा निराळा असेल, आणि त्यात विश्वासाने सोसणे एवढेच हाती राहील. हवानाच्या प्रवासातील सोबत्यास त्यांनी असे उघडे मन दाखविले. १९३७ साली गुप्त पोलिसांनी ती शाळा बंद केली. १९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी त्यांस अमेरिकेत सुखरूप नेले. परंतु आपल्या लोकांबरोबर संकट न सोसता नंतर त्यांच्या उभारणीत वाटा मागता येणार नाही, असे ठरवून ते जुलैत परत फिरले. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात ते सामील झाले. पाळकाने असे करावे की नाही, याविषयी बंधुजनांत मतभेद आहेत. तो वाद आम्ही येथे उकरीत नाही.

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांस पकडून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवले. त्या वर्षीच्या नाताळात त्यांनी सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहून दिल्या. १९४४ च्या जुलैत कट फसला. सुटकेची आशा मावळल्यावर, सप्टेंबरात, कोठडीत त्यांनी मोशेच्या मरणाविषयी एक दीर्घ कविता रचली. हवानात ज्या पर्वतावर मंडळीस नेले होते, त्याच पर्वतावर चौदा वर्षांनी ते स्वतः उभे होते.

९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छावणीत त्यांस फाशी देण्यात आली. वय एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २३ एप्रिल रोजी, अमेरिकेचे सैन्य त्या छावणीत पोहोचले.