नादकाट्यांना ‘ओ’ म्हणायला लावणारा डॉक्टर

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावी रात्रीचे भजन ऐकायला बसावे. पेटीवर षड्ज धरलेला असतो, बुवा त्याच स्वरात येतात आणि जवळ तंबोरा असेल तर त्याची तारही तोच स्वर बोलत असते. स्वराची उंची एकच, जोरही जवळपास सारखा. तरीही डोळे मिटून बसलेला माणूस पेटी कोणती, तार कोणती आणि बुवांचा गळा कोणता हे क्षणात सांगतो. आपल्या संगीतशास्त्राने या फरकाला ‘नादाची जात’ असे नेमके नाव दिले आहे. पण ही जात ठरते कशाने, आणि कान ती ओळखतो कसा? या प्रश्नाला प्रयोगाचे भक्कम उत्तर देणारा माणूस शिक्षणाने डॉक्टर होता. त्यांचे नाव हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव डोळ्यांमुळे ठाऊक असते. मधुमेही रुग्णाच्या डोळ्यात प्रकाश टाकून आतले दृष्टिपटल पाहण्यासाठी डॉक्टर जे उपकरण वापरतात, तो ऑफ्थाल्मोस्कोप त्यांच्याच हातचा. याच डॉक्टरांनी वीज, चुंबक आणि नादकाटे जुळवून आवाज घडवणारे यंत्रही उभे केले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आज ज्याला सिंथेसायझर म्हणतात, त्याच्या मुळाशी असलेली कल्पना त्या यंत्रात स्पष्ट दिसते.

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म 31 ऑगस्ट 1821 रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शाळेत शिक्षक होते, घरची स्थिती बेताची. मुलगा लहानपणी सतत आजारी असे. पुढे त्याला भौतिकशास्त्राची ओढ लागली, पण त्या शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत मात्र सरकारी खर्चाने डॉक्टर होता येत होते. अट एकच, नंतर काही वर्षे सैन्यात नोकरी करायची. सरकारी जागेवर शिकून बंधपत्राची सेवा करणाऱ्या आजच्या डॉक्टरांना ही अट ओळखीची वाटेल. 1838 मध्ये हर्मान बर्लिनला गेले ते पियानो सोबत घेऊनच. विद्यार्थीदशेत ते विषमज्वराने रुग्णालयात पडले. उपचार मोफत झाले आणि त्या काळात वाचलेल्या पैशांतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. 1842 मध्ये त्याच्याच मदतीने मज्जातंतू पेशींतून निघतात हे दाखवणारा प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले.

पॉट्सडॅमच्या पलटणीत काम हलके होते. तिथेच बराकीत त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. स्नायू आकुंचन पावताना उष्णता निघते, ती येते कुठून, हा प्रश्न त्यांनी धरला. त्यातूनच 1847 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी, ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध तयार झाला. त्या वेळच्या मोठ्या विज्ञान नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, तेव्हा तो पुस्तिका म्हणून वेगळा छापावा लागला. पुढे कोनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक असताना त्यांनी बेडकाच्या नसेतून संदेश धावण्याचा वेग मोजला. हा वेग मोजता येणारच नाही, असे त्यांचे गुरू योहानेस म्युलर मानत होते. तो निघाला सेकंदाला साधारण 25 ते 40 मीटर. हातापायांना मुंग्या येणाऱ्या रुग्णांची आज जी नसांची तपासणी होते, तिची सुरुवात तिथे आहे. त्यापाठोपाठ, विद्यार्थ्यांपुढच्या व्याख्यानाची तयारी करताना, काचेच्या पातळ पट्ट्या आणि पुठ्ठा वापरून त्यांनी ऑफ्थाल्मोस्कोप बनवला. जिवंत माणसाचे दृष्टिपटल डॉक्टरांना त्यातून प्रथमच नीट पाहता येऊ लागले.

1849 मध्ये त्यांचे ओल्गा फॉन वेल्टन यांच्याशी लग्न झाले होते. कोनिग्सबर्गची थंडी ओल्गांना सोसेना, म्हणून 1855 मध्ये हे कुटुंब बॉनला आले आणि 1858 मध्ये हायडेलबर्गला. आवाजावरचे त्यांचे मोठे काम याच वर्षांतले.

त्या कामाचा पहिला भाग आवाज उकलण्याचा होता. तंबोऱ्याची षड्जाची तार छेडली की लक्ष देणाऱ्याला तिच्यातून गंधारही ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तार सबंध हलते तशी ती अर्ध्याने, तिसऱ्या हिश्शाने, चौथ्या आणि पाचव्या हिश्शानेही हलते. मूळ कंपने सेकंदाला 120 असतील, तर सोबत 240, 360, 480, 600 अशी कंपनेही असतात. यांना उपस्वर म्हणू. पाचव्या हिश्शाचा उपस्वर म्हणजे तो गंधार. एरवी हे उपस्वर मूळ स्वरात मिसळून जातात. ते वेगळे ऐकण्यासाठी हेल्महोल्ट्झ यांनी काचेचे आणि पितळेचे पोकळ गोळे करून घेतले. गोळ्याला एका बाजूला भोक आणि दुसऱ्या बाजूला कानात बसेल अशी तोटी. प्रत्येक गोळा आपल्या आकारमानानुसार एकाच स्वराला घुमतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक स्वरच देते, तसेच हे. गोळा कानाला लावला की मिश्रणातला त्याचा उपस्वर तेवढा मोठा होऊन ऐकू येई. असे गोळे एकामागून एक लावत त्यांनी तारांचे, वाद्यांचे आणि माणसाच्या गळ्याचे आवाज तपासले. सगळीकडे उपस्वर सापडले, पण प्रत्येकात त्यांचे प्रमाण वेगळे होते. नादाची जात या प्रमाणावर ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण नुसते उकलून दाखवणे त्यांना पुरेसे वाटले नाही. प्रमाण हेच कारण असेल, तर सुटे स्वर त्याच प्रमाणात एकत्र करून तोच आवाज परत मिळायला हवा. त्यासाठी त्यांनी यंत्र जुळवले. आठ नादकाटे घेतले. सर्वांत खालच्या काट्याची कंपने सेकंदाला सुमारे 120 आणि बाकीच्यांची त्याच्या दुप्पट, तिप्पट अशी आठपटीपर्यंत. प्रत्येक काटा विद्युतचुंबकाच्या टोकांमध्ये बसवला. आणखी एक काटा विजेच्या प्रवाहाला ताल देई. त्याचे टोक पाऱ्यात बुडे आणि बाहेर येई, तसा प्रवाह सेकंदाला 120 वेळा जुळे आणि तुटे. त्या तालावर आठही काटे न थांबता हलत राहत. प्रत्येक काट्यासमोर त्याच स्वराला घुमणारी नळी होती आणि नळीच्या तोंडावर झाकण. झाकण बंद असताना काटा जवळपास मुका. पेटीसारखी पट्टी दाबली की दोरीने झाकण सरके आणि तो स्वर बाहेर पडे. झाकण किती उघडायचे, यावर त्या स्वराचा जोर ठरे. बव्हेरियाचे राजे माक्सिमिलियन यांनी या कामासाठी अनुदान दिले होते.

आवाज घडवायला त्यांनी निवडला तो माणसाचा स्वर. मूळ काटा जवळजवळ एकटा ठेवला की यंत्र ‘ऊ’ म्हणे. त्याला दुप्पट कंपनांच्या काट्याची जोरदार साथ दिली की ‘ओ’ उमटे. ‘आ’साठी वरचे काटे अधिक उघडावे लागत. ‘ई’ मात्र नीट जमेना, कारण त्याला लागणारे फार उंच उपस्वर या काट्यांत नव्हते. हे अपयशही सिद्धांताला धरूनच होते. जे उपस्वर यंत्रात नव्हते, तेवढेच आवाजात कमी पडले. घसा, जीभ, ओठ यांतले काहीही नसताना केवळ धातूच्या काट्यांनी स्वर उच्चारले आणि नादाच्या जातीचे कोडे सुटले.

स्वरांवरचा हा निबंध 1859 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आधी वडील गेले आणि डिसेंबरअखेर दीर्घ आजाराने खंगलेल्या ओल्गाही गेल्या. पदरी दोन लहान मुले होती. काही काळ काम ठप्प झाले. 1861 मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी दुसरे लग्न केले आणि 1863 मध्ये ध्वनिसंवेदनांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर आला.

त्या ग्रंथातला एक मुद्दा वऱ्हाडातल्या भजनी मंडळांच्याही जिव्हाळ्याचा आहे. पेटीच्या बारा समान अंतरांच्या सुरावटीवर हेल्महोल्ट्झ नाराज होते. त्या सुरावटीतला गंधार तारेतल्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. त्यांनी नैसर्गिक स्वरांची खास पेटी करून घेतली आणि फरक ऐकवला. पुढे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी 22 श्रुतींची गणिते मांडून श्रुतिपेटी घडवली. 1916 मध्ये भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत ती वाजली, पण जमलेल्या जाणकारांच्या कसोटीला उतरली नाही. पेटीच्या सुरांचा वाद 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर घातलेल्या बंदीपर्यंत गेला. हाच ग्रंथ तरुण चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याही हाती पडला होता. अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात राहिलेल्या रामन यांनी 1920 मध्ये दाखवले, की तबल्याच्या पुडीवरची शाई तिचे विस्कळीत उपस्वर सुरात आणते.

यंत्राची पुढची वाट एका गैरसमजातून गेली. बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना जर्मन नीट येत नव्हते. हेल्महोल्ट्झ यांनी तारेतून स्वर दूर पाठवले, असा त्यांचा समज झाला आणि आपणही ते करू शकू या जिद्दीने ते टेलिफोनच्या मागे लागले. 1964 च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी सुट्या खणांचे सिंथेसायझर बनवले. त्यात एक खण कंपने निर्माण करतो, दुसरा नको ते उपस्वर गाळतो, तिसरा जोर कमीजास्त करतो. वाजवणारा तारा टोचून हे खण हवे तसे जोडतो. हेल्महोल्ट्झ उपस्वर एकेक करून जमवत, मूगच्या यंत्रात बहुधा भरगच्च आवाज घेऊन तो गाळला जातो. रीत उलटी असली तरी समज तीच. असा एक मूग 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा केला आणि भारतीय संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले.

डॉक्टरांसाठी मात्र याहून मोलाची गोष्ट कानाच्या आत घडली. आंतरकर्णातल्या शंखात वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या स्वरांना प्रतिसाद देतात, असे हेल्महोल्ट्झ यांनी सुचवले. म्हणजे कान स्वतःच ते पोकळ गोळे लावून बसलेला आहे. तिथे वीणेच्या तारांसारखे सुटे तंतू असावेत, ही त्यांची कल्पना पुढे दुरुस्त करावी लागली. शंखातल्या पडद्यावरून लाट धावते आणि प्रत्येक स्वराची लाट ठरावीक जागी उंचावते, हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले. त्याबद्दल त्यांना 1961 चे नोबेल मिळाले. पण स्वरागणिक जागा वेगळी, हा गाभा टिकला.

जन्मतः बहिऱ्या मुलांना बसवले जाणारे कॉक्लिअर इम्प्लांट याच गाभ्यावर चालते. कानामागचे यंत्र आवाज उंच-सखल पट्ट्यांत उकलते आणि शंखात सरकवलेल्या इलेक्ट्रोडपैकी प्रत्येकाला त्याची पट्टी देते. उंच स्वर शंखाच्या तोंडाशी, खालचे टोकाकडे. निरोगी कानात आवाज मेंदूकडे पोहोचवणाऱ्या सुमारे 3,500 केशपेशी असतात, यंत्रात इलेक्ट्रोड जेमतेम 12 ते 22. त्यामुळे संगीत अपुरे पोहोचते, पण बोलणे समजते आणि बोलायला शिकता येते. मात्र मेंदूची ही शिकण्याची मुदत बालपणातली आहे. बाळाच्या कानांची तपासणी पहिल्या महिन्यात, शंका आल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराची सुरुवात व्हावी, असा संकेत आहे. मोठ्या आवाजाला न दचकणाऱ्या किंवा सहा महिन्यांनंतरही हाकेकडे मान न वळवणाऱ्या बाळाबाबत, उशिरा बोलेल म्हणून वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. अशा बाळांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

हेल्महोल्ट्झ 1871 मध्ये बर्लिनला गेले ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. तरुणपणी पैशांअभावी सुटलेला विषय त्यांना पन्नाशीत मिळाला. त्यांचे विद्यार्थी हाइनरिश हर्ट्झ यांच्या नावाने आज कंपने मोजली जातात. उतारवयात मुलगा रॉबर्ट गेला, 1894 च्या पहिल्याच दिवशी हर्ट्झही गेले. 1893 मध्ये अमेरिकेहून परतताना हेल्महोल्ट्झ जहाजाच्या जिन्यावरून पडले होते, त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत. 8 सप्टेंबर 1894 रोजी त्यांचे निधन झाले. बहिरेपणावर त्यांच्यापाशी उपाय नव्हता. पण आवाज कशाचा बनलेला असतो हे त्यांनी तो पुन्हा जुळवून पडताळले होते. ज्या मुलांच्या कानातल्या पेशी काम करत नाहीत, त्यांच्यापर्यंत आईचा शब्द आज त्याच हिशेबाने पोहोचवता येतो.