वाल्टर नर्न्स्ट

आमच्या बिबवेवाडीच्या रस्त्याने दिवसभर मोटारींची रीघ लागलेली असते. आजच्या पेट्रोलच्या मोटारींत धुराच्या नळीपाशी चिनी मातीसारख्या पदार्थाचा एक लहानसा तुकडा बसविलेला असतो. धुरात प्राणवायू किती उरला हे तो सांगतो, व त्यावरून इंजिनास पेट्रोल किती द्यावे हे ठरते. ज्यांच्या गणितावर हे यंत्र चालते, त्या वाल्टर नर्न्स्ट यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी प्रशियातील ब्रीझेन गावी झाला. हे गाव आता पोलंडात आहे. कुमारवयात त्यांस कवी व्हावेसे वाटे. पुढे लाइप्झिग येथे ओस्टवाल्ड यांच्या हाताखाली असता १८८९ साली त्यांनी आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. दोन बाजूंस एखाद्या पदार्थाचे प्रमाण निराळे असेल तर विजेचा दाब उत्पन्न होतो, व तो दोन प्रमाणांच्या वजाबाकीवर नव्हे, तर त्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, असा त्याचा आशय. ७०० अंश सेंटिग्रेड उष्णतेत एका बाजूस प्राणवायू दसपट असेल तर सुमारे ४८ मिलिव्होल्ट दाब मिळतो; शंभरपट असेल तर त्याच्या दुप्पट.

१८९७ च्या सुमारास त्यांनी झिर्कोनियम व यिट्रियम यांच्या भस्मांची कांडी करून दिवा तयार केला. थंड असता तीतून वीज वाहत नसे. म्हणून आरंभी ती काडी ओढून तापवावी लागे. असा दिवा गिऱ्हाइकांस कितीसा रुचणार! तरीही त्याचे हक्क दहा लक्ष मार्कांस विकले गेले. पुढे टंगस्टनच्या तारेने तो मागे पडला. परंतु तापलेल्या कांडीतून प्राणवायूचेच विद्युद्भारित कण सरकतात. नत्रवायू व कर्बाम्लवायू यांस तेथे वाट नाही. मिश्रणातून एकच वायू निवडून मोजण्याचे मर्म यात होते.

१९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांस उष्णतेवरील कार्याबद्दल मिळाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यासाठी क्षोभक वायूंच्या शस्त्रांवरही काम केले, हे झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्याच युद्धात त्यांचे दोन्ही पुत्र पडले. त्यांच्या दोन कन्यांचे पती यहुदी असल्यामुळे हिटलरच्या राज्यात त्यांस देश सोडावा लागला. नर्न्स्ट आपल्या शेतवाडीवर राहिले व १८ नोव्हेंबर १९४१ रोजी तेथेच वारले.

१९५७ साली किउक्कोला व वाग्नर यांनी तशा घन पदार्थांवर नेमकी मोजमापे केली. आणि १९७६ साली बॉश कंपनीचा प्राणवायुमापक व्होल्व्होच्या मोटारीत प्रथम बसला.