विश्लेषण : बेडकांच्या आवाजाची रेकॉर्ड काढणारे मोझेस ॲश कोण होते? एकही रेकॉर्ड त्यांनी बंद का केली नाही?

करार संपला की ॲपवरची गाणी अचानक गायब होतात. न्यूयॉर्कमधील एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा नियम मात्र उलटा होता. खप कितीही कमी असो, रेकॉर्ड यादीतून काढायची नाही. हा नियम करणारे होते मोझेस ॲश.

कोण होते ॲश?

१९०५ मध्ये वॉर्सात जन्म. वडील शोलेम ॲश हे यिद्दिश भाषेतील नामवंत लेखक. मोझेस यांनी जर्मनीत रेडिओ इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. पुढे न्यूयॉर्कमध्ये ते रेकॉर्डिंगकडे वळले. १९४४ मध्ये वुडी गथ्री यांचे ‘धिस लँड इज युअर लँड’ त्यांनीच ध्वनिमुद्रित केले.

कंपनी का बुडाली?

ॲश यांच्या ‘डिस्क’ कंपनीने जाझच्या मोठ्या कलाकारांवर पैसा लावला. हिशेब चुकला आणि १९४८ मध्ये दिवाळखोरी आली. मग मॅरियन डिस्टलर या सहकारी महिलेच्या नावावर ‘फोकवेज’ सुरू झाली. कागदोपत्री ॲश फक्त सल्लागार!

फोकवेज चालली कशी?

हिटच्या मागे धावणे बंद झाले. प्रती थोड्या काढायच्या, संपल्या की पुन्हा काढायच्या. सोबत माहितीपुस्तिका द्यायची. ग्रंथालये आणि शाळा हे हक्काचे ग्राहक. यादीत लोकसंगीत होते, भारतीय संगीत होते, १९५८ मध्ये बेडकांचे आणि १९६४ मध्ये चक्क ऑफिसातले आवाजही आले! १९५२ चा, ८४ जुन्या गाण्यांचा हॅरी स्मिथ यांनी निवडलेला संच तर बॉब डिलन यांच्या पिढीसाठी पाठ्यपुस्तक ठरला.

ॲश यांचा युक्तिवाद साधा होता. एखादे अक्षर कमी वापरले जाते म्हणून आपण ते शब्दकोशातून काढतो का?

टीका कशावर?

मानधनावर. रॉयल्टी नीट मिळत नसल्याची तक्रार अनेक कलाकारांनी केली. रेकॉर्ड टिकल्या, पण त्याची काही किंमत गायकांनीही मोजली.

पुढे काय झाले?

१९८६ मध्ये ॲश यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी स्मिथसोनियन संस्थेने फोकवेज घेतली. अट एकच : सर्व २,१६८ रेकॉर्ड कायम उपलब्ध ठेवायच्या. ती आजही पाळली जाते. बेडूकही यादीत आहेत.