अनवाणी पायांचा राजा : अबेबे बिकिला



मागच्या महिन्यात वर्गात आम्ही विचारले होते की शर्यत जिंकायला काय काय लागते? बहुतेकांचे उत्तर आले, "चांगले बूट!" म्हणून या अंकात आम्ही अशा एका धावपटूची गोष्ट सांगणार आहोत, ज्याने बूट न घालता जग जिंकले, आणि पुढे पाय निकामी झाल्यावरही खेळणे सोडले नाही. या गोष्टीचा एक महत्त्वाचा भाग आपल्या इंग्लंडमध्येच घडला.

अबेबे बिकिलाचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियातल्या एका डोंगराळ खेड्यात झाला. बिकिला हे त्याचे आडनाव नव्हे हं! आपण जसे आपल्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, तसेच तिकडेही लावतात. लहानपणी अबेबे गुरे राखायचा. मोठा झाल्यावर तो राजधानी अदिस अबाबाला आला आणि सम्राट हैले सेलासी यांच्या रक्षकदलात शिपाई झाला. तिथे ओन्नी निस्कानेन नावाच्या स्वीडिश प्रशिक्षकांनी त्याच्यातला धावपटू हेरला.

१९६० साली रोमला ऑलिंपिक भरले. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरची शर्यत. नवे बूट पायाला नीट बसेनात, आणि अनवाणी धावायचा सराव तर होताच. तेव्हा अबेबे तसाच उभा राहिला. १० सप्टेंबरच्या संध्याकाळी शर्यत सुरू झाली. हळूहळू अंधार पडला. जुन्या दगडी रस्त्यावर सैनिक मशाली धरून उभे होते. बराच वेळ अबेबे आणि मोरोक्कोचा राडी बरोबरीने पळत होते.

शेवटच्या टप्प्यात वाटेवर एक उंच दगडी स्तंभ लागला. हा स्तंभ मूळचा इथिओपियातल्या अक्सुम गावचा. इटलीने इथिओपियावर स्वारी केली, तेव्हा तो उचलून रोमला आणला होता. त्या स्तंभापाशी अबेबेने वेग वाढवला आणि राडीला मागे टाकले. वेळ लागला २ तास १५ मिनिटे १६ सेकंद. तोपर्यंत जगात कोणीही मॅरेथॉन इतक्या जलद धावले नव्हते! ज्या शहरातून त्याच्या देशावर स्वारीचा हुकूम सुटला, त्याच शहरात एका साध्या शिपायाने सुवर्णपदक मिळवले. (तो स्तंभ २००५ साली इथिओपियाला परत मिळाला.)

१९६४ साली टोकियोला ऑलिंपिक होते. शर्यतीच्या काही आठवडेच आधी अबेबेच्या अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. आता हा कसला धावतो, असे सर्वांना वाटले. पण तो नुसता धावला नाही, तर दुसऱ्या खेळाडूपेक्षा चार मिनिटे आधी पोचला, आणि वर मैदानात व्यायाम करत बसला! या वेळी मात्र पायांत बूट होते. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

१९६८ साली मेक्सिकोत पायाच्या दुखण्याने त्याला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. ती त्याच्याच देशाच्या मामो वोल्डेने जिंकली. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात एका रात्री अबेबेची मोटार उलटली. मानेला व पाठीच्या कण्याला जबर मार बसला.

उपचारासाठी त्याला इंग्लंडला आणले, ते एल्सबरीजवळच्या स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात. कण्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली तिथे खास विभाग सुरू केला होता. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले हे डॉक्टर. खेळ हेही औषधच आहे, असे ते मानत. १९४८ साली त्यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आणि गंमत पाहा, पहिले पॅरालिंपिक भरले ते १९६० साली, रोमलाच, अबेबेच्या विजयानंतर आठच दिवसांनी!

स्टोक मॅन्डेव्हिलला अबेबे सुमारे आठ महिने होता. हातांत हळूहळू बळ आले, पण पाय परत चालले नाहीत. दोन सुवर्णपदके मिळवणाऱ्याने आता काय करावे? घरी बसून जुनी पदके पुसावीत? अबेबेने धनुष्य उचलले. १९७० साली तो स्टोक मॅन्डेव्हिलच्या स्पर्धांत चाकाच्या खुर्चीतून धनुर्विद्या आणि टेबल टेनिस खेळला. जगज्जेता पुन्हा नवशिका झाला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पुढच्या वर्षी नॉर्वेत तर बर्फावरची स्लेजची शर्यत त्याने जिंकली. ज्याच्या देशात बर्फ क्वचितच दिसते, त्याने!

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकला त्याला सन्मानाचा पाहुणा म्हणून बोलावले. त्याच ऑगस्ट महिन्यात, त्याच जर्मनीत, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. तेही सैनिकच. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते जखमी झाले होते.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी अबेबे वारला. अवघे ४१ वर्षांचे आयुष्य! अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली आणि स्वतः सम्राट आले.

पालकांना आमची एक विनंती. चाकाच्या खुर्चीतले कोणी दिसले की आपण पटकन "बिचारा" म्हणतो, आणि मुले ते ऐकतात. पुढच्या वेळी तो शब्द ओठांवर आला तर अबेबेला आठवा.

आणि मुलांनो, नकाशात अदिस अबाबा, रोम, टोकियो आणि एल्सबरी शोधा. अबेबेची कोणती शर्यत तुम्हाला सर्वांत अवघड वाटली, ते पाच ओळींत लिहून आणा. उत्तर मराठीतच हवे बरं का!